‘धरली’ म्हणजे काय? दात्याच्या त्वचेचं एक प्रकरण

जळिताच्या वॉर्डात ‘धरली’ हा शब्द दिवसातून वीसदा तरी कानावर पडतो. ड्रेसिंग उघडलं, लावलेली त्वचा खाली चिकटून गुलाबी झालेली दिसली, की निवासी डॉक्टर म्हणतात, “धरली.” तसं दिसलं नाही, तर “गेली.” पुढे जे प्रकरण मांडतो आहे, त्यात चुका बऱ्याच झाल्या, पण सगळ्यात जड गेली ती या एका शब्दातली चूक.

आधीच सांगतो: हा रुग्ण कुणी एक माणूस नाही. मोठ्या जळितात दात्याची त्वचा वापरताना जे घडतं, अडतं आणि चुकतं, ते एका रुग्णाच्या अंगावर रचून घेतलं आहे. आकडे मात्र त्या शरीराला जुळतील असेच धरलेत, म्हणजे कुणाला बेरीज-वजाबाकी करून पाहायची असेल तर करता येईल.

वय ३१, वजन ६२ किलो, उंची १६८ सेंटिमीटर. बंद खोलीत साठलेल्या थिनरच्या वाफेने पेट घेतला. घटनेनंतर तीन तासांनी आमच्याकडे. चेहरा, मान, छाती-पोट, पाठ, दोन्ही हात खांद्यापासून बोटांपर्यंत, मांड्या आणि नडग्यांची पुढची बाजू, असं मिळून सुमारे ६५ टक्के अंग भाजलेलं. वजन आणि भाजलेल्या टक्क्यांवरून सलाइन ठरवणाऱ्या पार्कलंडच्या सूत्राने पहिल्या २४ तासांचं सलाइन १६,१२० मिलिलिटर. त्यातलं निम्मं भाजल्याच्या वेळेपासून आठ तासांत जायला हवं. तीन तास आधीच गेलेले, म्हणून ते पाच तासांत. सूत्र ही फक्त सुरुवात. नंतर लघवीचं प्रमाण बघूनच वेग ठरतो. दोन्ही हातांना भाजलेली कातडी पट्ट्यासारखी आवळली होती आणि मनगटाची नाडी लागेना, म्हणून लांब चिरा देऊन ती मोकळी केली. श्वासनळीत काजळी होती, नळी टाकून व्हेंटिलेटर लावला. इथवरचं कुठल्याही मोठ्या जळितासारखंच, त्यावर जास्त थांबत नाही.

खरा प्रश्न तिसऱ्या दिवशी समोर आला, आणि तो शल्यक्रियेआधी गणिताचा होता.

या माणसाच्या अंगाचं क्षेत्रफळ सुमारे १.७ चौरस मीटर, म्हणजे एक टक्का म्हणजे १७० चौरस सेंटिमीटर. ६५ पैकी १९ टक्के भाग वरवर भाजलेला, तो आपोआप भरून येणार. उरलेला ४६ टक्के खोल: तिथली त्वचा पूर्ण जाडीने मेलेली किंवा जवळजवळ तशी. म्हणजे साधारण ७,८०० चौरस सेंटिमीटर जागेवर नवी त्वचा हवी. घ्यायला शिल्लक काय? मांड्यांची मागची बाजू, पोटऱ्या, नितंब, टाळू. गुडघ्यामागचे, टाचेजवळचे अडचणीचे भाग वगळले तर जेमतेम २० टक्के, ३,४०० चौरस सेंटिमीटर. त्वचेला यंत्रातून काढून जाळी पाडता येते. एकास तीनची जाळी केली तर ३,४०० चे दहा हजार होतात. कागदावर पुरून उरतं.

अंगावर पुरत नाही, आणि त्याची कारणं तीन. एक तर यंत्रावर लिहिलेलं प्रमाण प्रत्यक्षात कधीच मिळत नाही. एकास तीनची जाळी ताणून दुप्पट झाली तरी खूप. दुसरं, जाळी जितकी मोठी तितकी मधली भोकं मोठी, आणि ती भोकं म्हणजे उघडी जखमच. कडेकडेने पेशी सरकत येऊन ती भरेपर्यंत कित्येक दिवस जातात, तोवर ती सुकतात, नासतात. तिसरं कारण नातेवाइकांना समजावणं सगळ्यात कठीण जातं: त्वचा जिथून काढतो, तिथेही जखम होते. पाव मिलिमीटर जाडीचा पापुद्रा काढला तरी ती जागा दहा-चौदा दिवस उघडी, दुखरी, झिरपणारी असते. सगळी उपलब्ध त्वचा एकदम काढली असती, तर ४६ अधिक २०, शिवाय वरवर भाजलेले १९ असे मिळून ८५ टक्के अंग एकाच वेळी उघडं पडलं असतं. अशा अंगातून पाणी, प्रथिनं, उष्णता सगळंच बाहेर जातं. त्या अवस्थेत माणूस जगवणं हे भाजण्यापेक्षा मोठं संकट.

मग थांबायचं का? मेलेली कातडी आपणहून सुटेपर्यंत वाट बघायची, हीच एके काळी रीत होती. स्लोव्हेनियातल्या मारिबोरच्या डॉक्टर झोरा यान्झेकोविच यांनी १९७० साली मेलेला थर सुरुवातीलाच पातळ पातळ काप काढत तासून टाकण्याची पद्धत मांडली आणि लगेच त्वचा लावून दाखवली. त्यानंतर वाट बघण्याचं समर्थन करणं कठीण झालं. मेलेली कातडी म्हणजे जंतूंचं आयतं खाद्य. ती अंगावर जितके दिवस राहते, तितका धोका वाढतो. म्हणजे काढायची तर लगेच, आणि झाकायला स्वतःचं काही नाही. या पेचात दुसऱ्या कुणाची तरी त्वचा लागते.

ही कल्पना जुनी आहे. १८८१ साली न्यूयॉर्कच्या गर्डनर यांनी वीज पडून भाजलेल्या एका रुग्णावर नुकत्याच मृत्यू पावलेल्या माणसाची त्वचा लावल्याची नोंद आहे. ती टिकली नाही. का टिकत नाही, याचा छडा दुसऱ्या महायुद्धात लागला. ग्लासगोमध्ये शल्यविशारद थॉमस गिब्सन आणि प्राणिशास्त्रज्ञ पीटर मेडावर यांनी भाजलेल्या एका स्त्रीवर तिच्या भावाच्या त्वचेचे छोटे तुकडे लावले. ते काही दिवसांनी गळाले. त्याच भावाची त्वचा दुसऱ्यांदा लावली, तर ती पहिलीपेक्षा लवकर गळाली. म्हणजे शरीर नुसतं नाकारत नव्हतं, ते लक्षात ठेवत होतं. १९४३ साली हे प्रसिद्ध झालं. पुढे याच वाटेवरच्या कामासाठी मेडावर यांना १९६० साली नोबेल मिळालं. आमच्या रुग्णाच्या बाबतीत गिब्सन-मेडावर यांचं निरीक्षण दहाव्या दिवशी थेट कामाला आलं, ते पुढे येईलच.

दात्याची त्वचा मृत्यूनंतर पाठ, मांड्या आणि पायांवरून घेतात. घेतात तोही पातळ पापुद्राच, पूर्ण जाडीची कातडी नव्हे. देह विद्रूप होत नाही, फिकट पट्टे दिसतात आणि ते पट्टीखाली झाकले जातात. दात्याच्या रक्ताची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस वगैरेंसाठी तपासणी, त्वचेची जंतूंसाठी कल्चर तपासणी, मग साठवण. रक्तगट जुळवावा लागत नाही. याचं लोकांना फार आश्चर्य वाटतं. जे टिकणारच नाही, ते जुळवायचं कशाला, असा त्यामागचा व्यवहार आहे. मोठ्या जळितात रुग्णाची प्रतिकारशक्ती थकलेली असते, त्यामुळे ही नकारघंटा उशिरा, बहुधा दोन ते चार आठवड्यांनी वाजते. तेवढे दिवस आम्हाला हवे असतात.

साठवणीचे दोन मुख्य प्रकार. अतिशीत तापमानात गोठवलेली त्वचा: तिच्यातल्या बऱ्याच पेशी जिवंत राहतात, लावल्यावर खालच्या रक्तवाहिन्या तिच्यात शिरतात आणि ती खऱ्या त्वचेसारखी वागते. दुसरी, ८५ टक्के ग्लिसरॉलमध्ये ठेवलेली: पेशी मेलेल्या, पण बांधणी शाबूत. साध्या फ्रीजमध्ये टिकते, ग्लिसरॉलमुळे जंतू आणि विषाणूंनाही काही प्रमाणात आळा बसतो आणि शरीर तिच्यावर जरा कमी चवताळतं. आम्हाला त्वचापेढीकडून गोठवलेली त्वचा धडाच्या पुढच्या भागापुरती मिळाली. बाकी सगळी ग्लिसरॉलची.

तिसऱ्या दिवशी पहिली शस्त्रक्रिया. ठरलं असं: धडाची पुढची बाजू १३ टक्के आणि मांड्या ७ टक्के, एकूण २० टक्के तासायचं आणि सगळं दात्याच्या त्वचेने झाकायचं. रुग्णाच्या स्वतःच्या अंगावरून एक चौरस सेंटिमीटरही काढायचा नाही. यावर आमच्यातच वाद झाला. एकाचं म्हणणं, भूल दिलीच आहे तर मांडीमागची त्वचा काढून पंजे तरी उरकून घेऊ. भूलतज्ज्ञ ठाम होत्या: रक्तदाब टिकवून धरणारं औषध कालच कमी केलंय, दोन तासांच्या वर एक मिनिट देणार नाही. आज मागे वळून पाहतो तेव्हा त्यांचंच बरोबर होतं असं वाटतं.

गोठवलेल्या त्वचेची पाकिटं कोमट पाण्यात सोडली की दोन-तीन मिनिटांत आतली घडी सैल होते. मग सलाइनमध्ये धुवायची. ग्लिसरॉलची त्वचा जरा जास्त वेळा धुवावी लागते, नाहीतर हाताला तेलकट लागत राहते. दिसायला ती पांढरीफटक, मेणासारखी. गॉझवर पसरून ती जखमेवर उलटायची, स्टेपल मारायचे, पुढची पट्टी. प्रत्येक पाकिटावरचं स्टिकर सिस्टर सोलून फाइलमधल्या कोऱ्या पानावर लावत होत्या, आणि कुठली पट्टी कुठे गेली ते शेजारी पेनाने लिहीत होत्या. “छाती उजवी वरची”, “नाभीखाली”. उद्या दात्याच्या तपासणीत काही निघालं, तर याच स्टिकरवरून रुग्णापर्यंत पोचता येतं. उलट रुग्णाला काही झालं, तर पेढीपर्यंत.

इथे एक गंमत आहे, म्हटलं तर. त्वचेला दोन बाजू असतात आणि जखमेवर आतली, म्हणजे अंतस्त्वचेची बाजू टेकायला हवी. ताज्या त्वचेत ओळखणं सोपं: आतली बाजू चकचकीत, ओलसर, आणि पट्टीच्या कडा नेहमी आतल्या बाजूला वळतात. पण ग्लिसरॉलची त्वचा दोन्हीकडून सारखीच पांढरी. कड कुठे वळते ते हाताने, सावकाश बघावं लागतं. दोन तासांच्या मर्यादेत, घाईघाईत, डाव्या मांडीवरची एक पट्टी उलटी लागली. सहाव्या दिवशी ड्रेसिंग उघडलं तेव्हा ती एका बाजूने अलगद सुटून आली, ओल्या कागदासारखी. लावणाऱ्या निवासी डॉक्टरांना मी काही बोललो नाही. पण तेव्हापासून ग्लिसरॉलची पट्टी लावायच्या आधी दोन जणांनी कड बघायची, असा नियम केला.

धड मात्र सुरेख होतं. फिकट पट्ट्या आता गुलाबी झाल्या होत्या. बोटाने दाबलं की पांढऱ्या, सोडलं की पुन्हा गुलाबी, म्हणजे आत रक्त खेळत होतं. पट्ट्यांचा रंग रुग्णाच्या मूळ रंगापेक्षा वेगळा होता, सांधे स्पष्ट दिसत होते. निवासी डॉक्टर बाहेर जाऊन रुग्णाच्या पत्नीला आणि मोठ्या भावाला म्हणाले, “छाती-पोटावरची छान धरलीय.” दोघंही रडायच्या बेताला आले. चुकीची मुळं इथे रुजली.

त्याच दिवशी दुसरी शस्त्रक्रिया: दोन्ही हात, १७ टक्के. पंजांच्या पाठीवर जाळी न करता रुग्णाची स्वतःची अखंड त्वचा. बोटं ही माणसाची कमाई. तिथे जाळीचे व्रण परवडत नाहीत. उरलेल्या हातांना स्वतःच्याच त्वचेची एकास चारची, म्हणजे फार विरळ जाळी, आणि तिच्यावर दात्याच्या त्वचेचं, लहान भोकांच्या जाळीचं पांघरूण. मांडीमागून एकूण १,२७५ चौरस सेंटिमीटर त्वचा काढावी लागली. ही दुहेरी थराची रीत अलेक्झांडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली मांडली, आणि तिची युक्ती साधी आहे. खालच्या विरळ जाळीची भोकं वरच्या त्वचेमुळे ओलसर राहतात, सुकत नाहीत. खालून रुग्णाच्या पेशी कडेकडेने पसरत जातात. वरची त्वचा जागा सोडत जाते. खपली पडावी तशी ती तीनेक आठवड्यांत सुटून गेली आणि खाली हात भरलेला निघाला. इथे ग्लिसरॉलचीच त्वचा बरी: हिच्याकडून धरण्याची अपेक्षाच नसते.

दोन दिवसांनी, आठव्या दिवशी, मांड्या बिघडल्या. ड्रेसिंगवर हिरवट डाग, तो ओळखीचा गोडसर वास. उलट्या पट्टीबद्दल आधीच अपराधी वाटत होतं, म्हणून पहिला संशय ग्लिसरॉलच्या त्वचेवरच घेतला. मेलेल्या पेशींची त्वचा, हिचं असंच होणार. पण नीट पाहिलं तर हिशोब जुळेना. त्याच मांडीवर बाहेरच्या बाजूची, त्याच खेपेतली त्वचा घट्ट होती. गेली ती फक्त आतल्या बाजूची, दोन्हीकडे. आतल्या बाजूला आम्ही चरबीच्या थरापर्यंत तासलं होतं आणि चरबी बऱ्यापैकी पिवळी दिसली म्हणून तिथेच थांबलो होतो. बाहेरच्या बाजूला स्नायूवरच्या पांढऱ्या आवरणापर्यंत गेलो होतो. चरबी वरून पिवळी पण आत कोळपलेली होती. त्वचेत दोष नव्हता. जमीनच मेलेली होती.

दात्याच्या त्वचेची ही बाजू मला सगळ्यात मोलाची वाटते, आणि तिच्याबद्दल कमी बोललं जातं. ती जखमेचं पांघरूण आहे तशी जखमेची परीक्षाही आहे. जिथे ती धरते, तिथे रुग्णाची स्वतःची त्वचा धरेल. जिथे ती जाते, तिथे स्वतःचीही गेली असती. तिसऱ्या दिवशी आम्ही हट्टाने मांड्यांवर रुग्णाची त्वचा लावली असती, तर मोजक्या ३,४०० मधले शे-दोनशे चौरस सेंटिमीटर आठव्या दिवशी कचऱ्यात गेले असते. त्याऐवजी पेढीच्या दोन-तीन पाकिटांवर निभावलं.

दहाव्या दिवशी पाठीची शस्त्रक्रिया होती. पाठीला ८ टक्के, मानेच्या पुढच्या भागाला १ टक्का, पोटऱ्यांवरून घेतलेली स्वतःची त्वचा. त्याच भुलीत मांड्यांचा आतला भाग पुन्हा तासला, या वेळी पांढऱ्या आवरणापर्यंत, आणि पुन्हा दात्याच्या त्वचेने झाकला. पेढीकडे पहिल्याच दात्याची त्वचा शिल्लक होती. ती घेतली नाही. शरीराने त्या दात्याला आठवडाभर पाहिलं होतं, दुसऱ्या खेपेला नकार लवकर आला असता. वेगळ्या दात्याची मागवली.

आणि बाराव्या दिवशी न्यूमोनिया. ताप, ऑक्सिजन घसरला, व्हेंटिलेटरची गरज वाढली. मूळ बेत असा होता की चौदाव्या दिवशी धडावरची दात्याची त्वचा काढून तिथे रुग्णाची लावायची. आता भूल द्यायचा प्रश्नच नव्हता. पुढचे आठ दिवस आम्ही छाती ऐकत आणि प्रतिजैविकं बदलत काढले. त्या आठ दिवसांत २,२०० चौरस सेंटिमीटरची जखम बंद होती, कारण तिच्यावर कुणीतरी अनोळखी माणसाची त्वचा धरून होती. ती नसती तर न्यूमोनियाबरोबर उघड्या छातीची लढाईही चालली असती, आणि मला त्या लढाईचा शेवट माहीत आहे.

एकोणिसाव्या दिवशी ताप उतरला. त्याच दिवशी ड्रेसिंगमध्ये धडावरच्या पट्ट्यांच्या कडा काळपट दिसल्या. वरचा थर ठिकठिकाणी सैल, चिमटीत धरला की सुटून येणारा. नकार सुरू झाला होता, अगदी वेळेवर. मी बाहेर आलो आणि मोठ्या भावाला सांगितलं की उद्या छाती-पोटावरची त्वचा काढून, मांडीमागची भरून आलेली त्वचा पुन्हा काढून तिथे लावणार आहोत.

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “डॉक्टर, धरली म्हणालात ना तुम्ही?”

मी समजावायला लागलो की ही तात्पुरतीच होती, आधी सांगितलं होतं, संमतीपत्रावरही आहे. त्याने मान हलवली. “तेव्हा सांगितलं असेल. तेव्हा आम्हाला काय ऐकू येत होतं? त्यानंतर रोज तुमची माणसं येऊन सांगत होती, छान धरलीय, छान धरलीय. आम्ही घरी फोन करून सांगितलं, छाती झाली. आता तुम्ही म्हणता ती काढायची, आणि त्याच्या पायाला परत जखम करायची.”

त्याचं चूक नव्हतं. ‘धरली’ म्हणजे आमच्या लेखी ‘आज रक्त खेळतंय’. त्याच्या लेखी ‘काम झालं’. तिसऱ्या दिवशी दिलेली माहिती एकदाच, घाबरलेल्या दोन माणसांना, कागदावर सही घेता घेता दिली गेली होती. ‘धरली’ हा शब्द त्यानंतर रोज गेला, प्रसन्न चेहऱ्याने. पेचात सापडलेला माणूस कशावर विश्वास ठेवेल? त्या दिवशी मी त्याला ड्रेसिंगच्या खोलीत आत घेतलं. सहसा घेत नाही. हातांवरचं पांघरूण सुटून खाली रुग्णाची स्वतःची त्वचा आलेली दाखवली. मग छातीवरची काळपट कड दाखवली. म्हटलं, “हाताला ज्याने मदत केली ती आता गळतेय, बघा. छातीलाही तेच व्हायचंय. आपण ती गळायच्या आधी जागा घेतोय, एवढंच.” तो म्हणाला, “मग हे पहिल्या दिवशी असं का नाही सांगितलंत?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तेव्हापासून आमच्या वॉर्डात दात्याच्या त्वचेबद्दल नातेवाइकांशी बोलताना ‘धरली’ म्हणायचं नाही, असं ठरवलंय. ‘जखम झाकून आहे’ म्हणायचं. नव्या निवासी डॉक्टरांना ते विचित्र वाटतं. महिन्याभरात सवय होते.

विसाव्या दिवशीच्या शस्त्रक्रियेत एक निर्णय घ्यायचा होता. दात्याची त्वचा सगळी उचलायची, की अर्धी? शरीराचा राग मुख्यतः वरच्या थरातल्या पेशींवर असतो. खालची अंतस्त्वचा म्हणजे बरीचशी कोलॅजनची जाळी. ती कमी डोळ्यावर येते आणि तोवर तिच्यात रुग्णाच्या रक्तवाहिन्या शिरलेल्या असतात. वरचा थर घासून काढायचा, खालची अंतस्त्वचा ठेवायची आणि तिच्यावर रुग्णाची बाह्यत्वचा आणायची, ही कल्पना क्युओनो यांनी १९८० च्या दशकात प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी वापरून प्रत्यक्षात आणली. आमच्याकडे वाढवलेल्या पेशी नव्हत्या. पण तत्त्व तेच ठेवून छातीवर वरचा थर घासून काढला. खाली गुलाबी, रक्ताचे बारीक ठिपके येणारी, घट्ट अंतस्त्वचा मिळाली. तिच्यावर रुग्णाच्या त्वचेची एकास दोनची जाळी. नाभीखाली मात्र घासल्यावर खालचा थरही लगद्यासारखा निघाला. तिथे सगळं उचलून थेट जखमेवर जाळी लावली.

दोन्ही जागा भरल्या. छातीवरची त्वचा पुढे पोटापेक्षा मऊ राहिली, चिमटीत धरता येते. हे राखलेल्या अंतस्त्वचेमुळे झालं असं म्हणायचा मोह होतो, पण एका रुग्णावरून तसं म्हणणं बरोबर नाही. पोट रोज वाकतं, ताणतं. छाती तशी नाही. मांड्यांचं काम सव्वीसाव्या दिवशी झालं, या वेळी काही गेलं नाही. रुग्ण साठाव्या दिवसाच्या आसपास चालत बाहेर पडला.

जळिताच्या शस्त्रक्रियेत जखम भरणं हा पहिला अंक. दुसरा अंक त्वचा आखडण्याचा, आणि त्याला वर्षं लागतात. व्रण दाबून धरणारे घट्ट कपडे (प्रेशर गारमेंट), सांधे ताणून ठेवणाऱ्या पट्ट्या (स्प्लिंट), रोजचा व्यायाम हे सगळं होऊनही नवव्या महिन्यात मान पुढे ओढली गेली होती. हनुवटी वर नेली की खालचा ओठ खाली ओढला जायचा, तोंड मिटायला त्रास व्हायचा. काखेत आखडलेला पट्टा साध्या झेड-प्लास्टीने, म्हणजे इंग्रजी Z च्या आकारात चिरून त्वचेचे कोपरे अदलाबदल करून, सुटण्यासारखा होता, त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मान वेगळी. आखडलेला पट्टा कापून मान सरळ केली की आठ बाय चौदा सेंटिमीटरची पोकळी पडणार होती, आणि तिथे जाड त्वचा हवी, कारण पातळ त्वचा पुन्हा आखडते. जाड त्वचा काढायला जागा? मांडीमागून दोनदा काढून झालेली, पोटऱ्यांवर व्रण.

म्हणून पुन्हा दात्याकडे, पण वेगळ्या रूपात. दात्याच्या त्वचेतून वरचा थर आणि सगळ्या पेशी धुऊन काढल्या की नुसता अंतस्त्वचेचा सांगाडा उरतो. नकार द्यायला त्यात पेशीच नसतात. रुग्णाच्या पेशी हळूहळू आत शिरून त्याला आपलंसं करतात. हा सांगाडा मानेत अंथरला आणि त्याच बैठकीत त्याच्यावर टाळूवरून काढलेला रुग्णाचा अगदी पातळ, सुमारे ०.२ मिलिमीटरचा पापुद्रा लावला. टाळूचा पापुद्रा पातळ असला तर केसांची मुळं जागीच राहतात, मानेवर केस उगवत नाहीत. हा प्रश्न रुग्णाने दोनदा विचारला होता. एकाच बैठकीत दोन थर लावणं जोखमीचं असतं. वरच्या त्वचेला खालच्या सांगाड्यातून झिरपणाऱ्या रसावर काही दिवस तगावं लागतं, आणि मध्ये जरा पाणी साचलं तरी ती उपाशी राहते. तसंच झालं, उजव्या कोपऱ्यात. तीनेक सेंटिमीटरचा तुकडा गेला, ड्रेसिंगवर सहा आठवड्यांत भरला. बाकीचं बसलं. मान मागे जाते, तोंड मिटतं, ओठ ओढला जात नाही. कोपऱ्यात एक दोरीसारखा व्रण राहिलाय, तो खुपतो.

मागच्या भेटीत त्याने विचारलं, “आता माझ्यात त्या लोकांचं काही आहे का?” किमान तीन दाते होते, हे त्याला भावाकडून कळलं होतं. मी सांगितलं की हातांवरचं, मांड्यांवरचं काहीच नाही. छातीत आणि मानेत कोलॅजनची थोडी जाळी कदाचित अजून असेल, पण तिच्यातल्या पेशी त्याच्याच आहेत आणि तीही हळूहळू बदलली जाते. त्याने मानेवरून हात फिरवला आणि म्हणाला, “म्हणजे खांब त्यांचे, माणसं माझी.” नाव सांगता येतं का, हेही त्याने विचारलं. येत नाही, आणि ते बरंच आहे.

फाइलमध्ये स्टिकरांची दोन पानं आहेत. पेढीला प्रत्येक पाकिटाचा परिणाम कळवायचा असतो, फॉर्मवर तीनच रकाने: टिकली, गळाली, काढली. मांड्यांच्या पहिल्या खेपेसमोर सिस्टरनी ‘गळाली’वर खूण केली आहे. हातांवरच्या पांघरुणासमोरही ‘गळाली’, कारण ती खरोखर गळालीच, जशी गळायला हवी होती तशी. छातीच्या पाकिटांसमोर त्यांनी पेन धरून मला विचारलं, काय लिहू. मी ‘काढली’वर खूण केली आणि समासात लिहिलं, ‘१७ दिवस झाकून होती’.